अंधांच्या संगणक वर्गासाठी लिनक्सवरचा आवाज: प्रकल्प नोंदी, सोलापूर

३ फेब्रुवारी २०२५

दान म्हणून मिळालेली मशिनं आज टेम्पोतून उतरवली. जुने डेस्कटॉप जास्त, लॅपटॉप थोडे. सगळ्यांवर विंडोज १०. यातल्या बहुतेकांवर ११ चढणार नाही आणि १० ला येत्या १४ ऑक्टोबरपासून सुरक्षा अपडेट बंद. म्हणजे लिनक्स या मुक्त, फुकट यंत्रणेशिवाय इलाज नाही. तसंही परवान्याचा खर्च वर्गाला झेपला नसताच.

आपली पोरं आतापर्यंत विंडोजवर एनव्हीडीए वापरत आली. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी सुरू केलेला हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम, फुकट आहे, मुक्त आहे, पण तो चालतो फक्त विंडोजवर. लिनक्सवर त्याच्या जागी ऑर्का. बटणं थोडी वेगळी, विचार तोच.

वर्ग घेणारे मास्तर स्वतः जन्मांध. त्यांना विचारलं, तुमची अट काय? म्हणाले, "आवाज गोड नसला तरी चालतंय ओ. गप बसायला नको. गप बसलं की आमच्यासाठी ते मशीन बंदच." त्यांची दुसरी अट अशी, की मशीन चालू करण्यापासून बंद करेपर्यंत कुणा डोळसाला हाक मारायची पाळी येता कामा नये. कामाचं मोजमाप हेच धरायचं.

६ फेब्रुवारी

आवाजाची साखळी एकदा लिहून काढतो, म्हणजे पुढे कुठे तुटलं ते बोलता येईल.

पडद्यावर काय आहे ते ऑर्काला कळतं एटी-एसपीआय नावाच्या दुव्यातून. ऑर्का तो मजकूर स्पीच डिस्पॅचरकडे देतो. डिस्पॅचर तो बोलणाऱ्या इंजिनाकडे, आपल्याकडे ईस्पीक एनजी. इंजिनातून ध्वनी निघतो तो साउंड सर्व्हरकडे, तिथून कर्नेलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या), साउंड कार्ड चालवणाऱ्या अल्साकडे, आणि मग कार्डातून हेडफोनला. यातली एक कडी निसटली तरी ऐकणाऱ्याला परिणाम एकच, शांतता. डोळसाला निदान पडद्यावर चुकीचा संदेश दिसतो. इथे पडदाच आवाजाचा आहे.

साउंड सर्व्हर मध्ये का आला, हे पोरांपैकी एकाने विचारलं. सुरुवातीला लिनक्सवर कार्ड चालवायला ओएसएस होतं. मग अल्सा आलं आणि डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नेलपासून तेच मुख्य झालं. पण साध्या कार्डावर एका वेळी एकच प्रोग्राम आवाज करू शकतो, बाकीच्यांचं मिसळून द्यायला कुणीतरी लागतं. ते काम अल्साच्या आतही होतं, पुढे पल्सऑडिओने घेतलं. फेडोरा या लिनक्सच्या एका संचाच्या ८ व्या आवृत्तीत, २००७ साली, ते पहिल्यांदा आपोआप मिळू लागलं. सुरुवातीच्या काळात त्याने अंध वापरकर्त्यांना चांगलाच ताप दिला, बोलणं अडखळायचं, उशिरा यायचं. आता विम टायमन्स यांचं पाइपवायर आलंय. फेडोरा ३४ पासून, म्हणजे एप्रिल २०२१ पासून तिथे तेच.

निवड यातूनच करायची. गाणी ऐकणाऱ्याला यातलं काहीही चालतं. आपल्याला नाही चालत.

११ फेब्रुवारी

पहिली चाळणी इन्स्टॉलरची लावली. जी यंत्रणा स्वतः बोलत बोलत बसवता येत नाही, ती यादीतून बाद.

उबुंटू आणि डेबियन हे लिनक्सचे आणखी दोन संच. उबुंटूच्या लाइव्ह (न बसवता चालणाऱ्या) पेनड्राइव्हवर विंडोज की, ऑल्ट आणि एस दाबलं की ऑर्का बोलतो. चांगलं आहे, पण डेस्कटॉप वर येईपर्यंत नुसतं थांबून राहायचं. डेबियनची रीत मला जास्त पटली. बूटचा मेनू आला की बीप वाजतो. तेव्हा एस दाबून एंटर मारायचं. मग इन्स्टॉलर अक्षरी पडद्यावर बोलत बोलत पुढे जातो. मशीनमध्ये एकापेक्षा जास्त साउंड कार्ड असतील तर तो प्रत्येकावर आळीपाळीने बोलून बघतो आणि सांगतो, ज्यावर ऐकू आलं तिथे एंटर दाबा. ज्याने हे लिहिलं त्याने एखाद्या अंध माणसाच्या शेजारी बसून काम केलंय, किंवा तो स्वतःच तसा आहे, हे लगेच कळतं.

मास्तरांनी एक डेस्कटॉप आज सगळा स्वतः बसवला. डिस्कचे भाग पाडताना मात्र दोनदा मागे जाऊन ऐकलं. "हे चुकलं तर सगळंच गेलं की," म्हणाले. बरोबर आहे.

लॅपटॉपपैकी एक मुका निघाला. गेल्या काही वर्षांतल्या इंटेल लॅपटॉपांत ध्वनीसाठी वेगळी प्रोसेसर चिप असते, तिला एसओएफ नावाचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) लागतं. डेबियनने अशी पूर्ण मुक्त नसलेली फर्मवेअर पूर्वी अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवली होती. २०२२ मध्ये मतदान घेऊन ती आत घ्यायचं ठरलं, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ती सोबत येतात. तत्त्वाचा वाद मला समजतो. पण फर्मवेअर नसलेला वायफाय म्हणजे गैरसोय, आणि फर्मवेअर नसलेलं साउंड कार्ड म्हणजे अंध माणसाला दारच बंद. माझ्याकडचा पेनड्राइव्ह जुन्या आवृत्तीचा होता, म्हणून तो गप होता. नवीन आवृत्तीने लॅपटॉप बोलला.

तरी एक गोष्ट पक्की केली. साधं यूएसबी साउंड कार्ड पिशवीत ठेवायचंच. यूएसबी ऑडिओचं मानक ठरलेलं आहे, कर्नेल ते कुठल्याही फर्मवेअरशिवाय ओळखतं. नवी पेठेत बोटाएवढं मिळतं.

१७ फेब्रुवारी

आजचा सगळा दिवस एचडीएमआयने, म्हणजे मॉनिटरच्या वायरमधून जाणाऱ्या आवाजाने, खाल्ला. डेस्कटॉप बसवताना बोलत होता, चालू केल्यावर गप. कार्डांची यादी काढली तर शून्य क्रमांकावर एचडीएमआय, एक क्रमांकावर हेडफोनचं. ऑर्का मॉनिटरकडे जीव तोडून बोलतोय आणि मॉनिटरला स्पीकरच नाही! डोळस माणूस कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर टिचकी मारून बदलेल. इथे ते चित्र सापडायलाच आवाज लागतो.

उपाय दोन. एचडीएमआयचा ध्वनी चालवणारा भाग बंदच करायचा, किंवा सर्व्हरला नेहमीचं कार्ड सांगून ठेवायचं. वर्गाच्या मशिनांवर पहिला. वर्गातल्या कुणाला मॉनिटरमधून आवाज नकोय. घरी नेणाऱ्यांसाठी दुसरा.

२२ फेब्रुवारी

आवाज कोणता ठेवायचा यावर आज वर्गात चर्चा झाली, खरं तर भांडणच.

डोळस पाहुण्यांना ईस्पीक आवडत नाही. कर्कश, यंत्रासारखा. आपल्या एका हितचिंतक बाईंनी तर कानच झाकले. फेस्टिवलचा मराठी पुरुषी आवाज डेबियनच्या भांडारात आहे, तो लावून दाखवला. ऐकायला जरा माणसासारखा. नव्या न्यूरल (एआयने घडवलेल्या) आवाजांचे नमुनेही काहींनी फोनवर ऐकवले, ते तर छानच.

मग मास्तरांनी ऑर्काचा वेग वाढवला आणि सेटिंग्जच्या झाडातून खाली खाली बाण दाबत गेले. ईस्पीकचा नेहमीचा वेग मिनिटाला १७५ शब्द, तो ४५० पर्यंत सहज नेता येतो. मला नुसती पाऱ्यासारखी सर ऐकू येत होती, एक शब्द कळेना. ते मात्र हव्या त्या ओळीवर थांबले. बाण दाबला की पुढच्या क्षणी अक्षर ऐकू यायला हवं, आणि पुन्हा बाण दाबला की आधीचं अर्ध्यात तुटायला हवं. फेस्टिवलला तेवढ्यात उत्तर देता येत नव्हतं, आणि आपल्या जुन्या मशिनांवर न्यूरल आवाजाला तर दमच लागेल. ईस्पीक काही एमबीत मावतो, कारण त्यात माणसाच्या बोलण्याचं मोठं रेकॉर्डिंग नाही, बहुतेक ध्वनी सूत्रांवरून घडवला जातो. त्याचा पूर्वज १९९५ साली एकॉर्नच्या संगणकांसाठी जोनाथन डडिंग्टन यांनी लिहायला घेतला होता, त्या काळच्या मशीनची ताकद काय असणार! तोच हलकेपणा आज उपयोगी पडतोय.

ठरलं ते असं, कामाला ईस्पीक, आणि लांबलचक पुस्तक ऐकायचं असेल तर ज्याला जो आवडेल तो.

दुसरं, इथल्या निम्म्या पोरांच्या घरात तेलुगू, काहींच्या घरात कन्नड, शाळा मराठीत आणि मेनू इंग्रजीत. ईस्पीकमध्ये चारही भाषा आहेत. ऑर्कात प्रत्येकासाठी प्रोफाइल करून ठेवतो. मराठी वाचताना 'च' आणि 'ज' चे दोन उच्चार लिपीत दिसतच नाहीत, त्यामुळे इंजिन कधी कधी घोळ घालतं. पोरं हसतात आणि पुढे जातात.

जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये (दिसायला मराठी, पण आत इंग्रजी अक्षरंच) टाइप केलेल्या फायलींचं काय करायचं, हा प्रश्न एका कॉलेजातल्या पोराने काढला. त्याच्या नोट्स तशाच आहेत. ऑर्का त्या वाचतो तेव्हा इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता पाऊस. हा आवाजाचा दोष नाही, फाइल बदलून घ्यावी लागेल. वेगळं काम म्हणून लिहून ठेवलं.

४ मार्च

अक्षरं गिळली जातात ही तक्रार आठवडाभर चालू होती. बारावीची परीक्षा देणारी एक मुलगी टायपिंगचा सराव करायला येते. ती म्हणाली, "सलग टाइप केलं की बरोबर बोलालंय. थांबून विचार केला आणि मग एक अक्षर दाबलं की येईना."

शेजारी बसून ऐकलं. ती 'क' दाबते, ऐकू येतो. हात थांबतो, बाहेरच्या यंत्रमागाचा खडखडाट तेवढा ऐकू येतो. मग 'म' दाबते आणि काहीच नाही. लगेच 'ल' दाबला तर 'ल' येतो. मोठं वाक्य असेल तर पहिला तुकडा जातो. 'मुख्य फोल्डर' चं 'ख्य फोल्डर'.

कारण सापडलं ते वीज वाचवण्याचं. कार्डावर काही सेकंद काही वाजलं नाही की कार्ड चालवणारा इंटेल एचडीए ड्रायव्हर चिपला झोपवतो. पुन्हा आवाज आला की चिप जागी होते, पण जागं व्हायला लागणाऱ्या अवधीत आलेला ध्वनी हवेत जातो. गाण्यात ते कुणाच्या लक्षातही येत नाही. एका अक्षराचा उच्चार मात्र तेवढ्याच अवधीचा, अख्खा बुडतो. वर साउंड सर्व्हरसुद्धा स्वतःच्या हिशेबाने पाच सेकंद शांतता झाली की कार्ड सोडून देतो. म्हणजे झोपवणारे दोघे.

ड्रायव्हरची पॉवर सेव्ह शून्यावर आणली. सर्व्हरचा थांबायचा अवधीही शून्य केला, म्हणजे कधीच सोडू नकोस. डेस्कटॉपवर प्रश्न मिटला. मुलीने मुद्दाम थांबून थांबून 'अ ब क' केलं, प्रत्येक अक्षर आलं.

लॅपटॉपवर दुपारी परत सुरू झालं! सकाळी ठीक होता. मग लक्षात आलं की दुपारी वीज गेली होती. लॅपटॉपवर टीएलपी हा वीज वाचवणारा प्रोग्राम आहे. चार्जर सुटला की तो स्वतःच्या यादीप्रमाणे वीज वाचवायला लागतो आणि त्या यादीत साउंड कार्डही आहे, आपण शून्य केलेलं पुन्हा चालू करतो. टीएलपीच्या सेटिंगमध्येही बॅटरीवरचा आणि विजेवरचा, दोन्ही आकडे शून्य केले. बॅटरी थोडी लवकर संपेल. संपू दे.

सोलापुरात ही अडचण कुणाला येणार नाही असं नाही. उन्हाळ्यात वीज जाते-येते, आणि लॅपटॉपवाल्याला दिवसातून कितीदा तरी हा बदल होणार. बसवायच्या यादीत हे वर घेतलं.

१२ मार्च

एका मित्राने सुचवलं म्हणून फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखीच दुसरी मुक्त यंत्रणाही पाहून घेतली. त्याचं ध्वनीचं काम मला आवडलं. ओएसएसच्या धर्तीवर, मिसळणं कर्नेलच्या आतच, मध्ये सर्व्हरची गरज नाही. तिच्या भावकीतल्या ओपनबीएसडीत ध्वनीसाठी एसएनडीआयओ आहे, तोही आटोपशीर. लिनक्सच्या साखळीपेक्षा कड्या कमी, म्हणून तुटण्याच्या जागा कमी.

पण काळ्या अक्षरी पडद्यावर बोलणारा स्पीकअप हा लिनक्स कर्नेलचाच भाग आहे. तिकडे तो नाही. मास्तरांची अट चालू करण्यापासून बंद करेपर्यंतची आहे. इथेच थांबलो.

२० मार्च

अक्षरी पडद्याचं काम. डेस्कटॉप कधी कोसळला तर कन्सोलवर जाऊन दुरुस्त करता यायला हवं, निदान मास्तरांना. स्पीकअप कर्नेलमध्ये, आणि त्याचं बोलणं ईस्पीकपर्यंत नेणारा ईस्पीकअप नावाचा छोटा प्रोग्राम. स्पीकअप बरीच वर्षं कर्नेलच्या कच्च्या विभागात पडून होता, २०२० च्या ५.९ आवृत्तीत तो पक्क्या विभागात आला.

अडचण अशी, की ईस्पीकअप रूटच्या (मशीनच्या मुख्य कारभाऱ्याच्या) नावाने थेट अल्साकडे बोलतो आणि डेस्कटॉपवरचा सर्व्हर वापरकर्त्याच्या नावाने. दोघांना एकच कार्ड हवं. जो आधी पकडेल तो बोलेल, दुसरा मुका. लॉगिनच्या पडद्याचा सर्व्हर आणखी तिसऱ्याच नावाने चालतो, म्हणजे लॉगिन झाल्या झाल्या काही क्षण ओढाताण. दोन भाडेकऱ्यांना एकच नळ दिल्यासारखं.

सर्व्हर सगळ्या मशीनसाठी एकच चालवायचा असा सल्ला काही ठिकाणी सापडतो. पल्सऑडिओ लिहिणारेच तसं करू नका म्हणतात. मी दुसरी वाट धरली. कार्डच दोन ठेवायची. ईस्पीकअपच्या सेटिंग फाइलमध्ये अल्साचं कार्ड ठरवून देता येतं, तिथे मशीनमधलं कार्ड लिहिलं. डेस्कटॉपला यूएसबी कार्ड. आता कन्सोलचा आवाज छोट्या स्पीकरमधून येतो आणि ऑर्काचा हेडफोनमधून. मास्तरांना यात अनपेक्षित फायदा सापडला: आवाज कुठून येतोय त्यावरून आपण कुठल्या पडद्यावर आहोत ते कळतं.

ही जोडणी फक्त मास्तरांच्या मशीनवर. पोरांना सध्या कन्सोलची गरज नाही.

२ एप्रिल

पारा चाळिशीपार. पंखे, माग आणि ऑर्का, तिघांचा गलका. स्पीकर ठेवण्यात अर्थ नाही, हेडफोनच हवेत. पण दोन्ही कान झाकले तर मास्तरांचं ऐकू येत नाही, म्हणून एका कानाचे घेतले. बोलणं मोनोच असल्यामुळे काही सुटत नाही. ब्लूटूथ नको असं सांगितलं तर एक पोरगा नाराज झाला. त्याला लॉगिनच्या पडद्यावर त्याचाच हेडफोन लावून दाखवला. जोडलाच गेला नाही. आत गेल्यावर जोडला गेला, पण बटण आणि बोल यात अंतर पडत होतं. त्याने निमूट वायरचा घेतला.

वीज गेल्यावर मशीन परत चालू होताना कुठपर्यंत आलं ते कळत नाही. ग्रब, म्हणजे मशीन चालू होताना लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, बोलत नाही, बोलणारही नाही. पण त्याच्या सेटिंग फाइलमध्ये सुरुवातीला सूर वाजवायची एक ओळ असते, पुढे हॅश लावून निजवलेली. तो हॅश काढला. जुन्या डेस्कटॉपांत बीपवाला बझर आहे, तिथे ग्रब आला की 'पी' वाजतं. लॉगिनचा पडदा आला की ऑर्का बोलतो. या दोन खुणांच्या मध्ये फार वेळ गेला तर काहीतरी अडलंय. लॅपटॉपांत बझर नाही, तिथे पहिली खूण मिळणार नाही.

९ एप्रिल

म्यूटचं बटण. कीबोर्डवर ते बाकीच्या बटणांसारखंच लागतं, दाबलं गेलं की सगळं ठप्प. आज दिवसभरात याच्यामुळे मला किती हाका आल्या ते विचारू नका. मास्तरांची अट इथे मोडत होती.

म्हणून आवाज परत आणायचा एक छोटा स्क्रिप्ट लिहिला आणि तो कंट्रोल, ऑल्ट आणि एंटरवर बसवला. तो पाळीपाळीने असं करतो. कार्ड म्यूट असेल तर उघडतो, आवाज ठरलेल्या पातळीवर आणतो, नेहमीचं कार्ड पुन्हा निवडतो. मग एक रेकॉर्डिंग वाजवतो, स्टीलच्या वाटीवर चमचा मारल्याचा 'टिंग', अल्साला थेट. मग तोच 'टिंग' साउंड सर्व्हरमधून, पण दोनदा. मग स्पीच डिस्पॅचर मारून टाकतो, तो मागितला की आपोआप उठतो, आणि त्याच्याकडून बोलवून घेतो, "आवाज चालू आहे." सगळ्यात शेवटी ऑर्का नव्याने सुरू.

वाटी दोन वेगळ्या थरांतून मुद्दाम वाजवली. एकही टिंग नाही, तर हेडफोनची पिन किंवा कार्ड बघा. एकच टिंग, तर सर्व्हर. तिन्ही टिंग आले पण बोल नाही, तर डिस्पॅचर किंवा ईस्पीक. बोल आला पण पडदा वाचत नाही, तर ऑर्का. मुलं आता तक्रार सांगायला येतात ती अशी, "सर, एकच टिंग आलं." निम्मं काम तिथेच झालेलं असतं.

सर्व्हरने कार्ड धरून ठेवलेलं असताना अल्साला थेट वाजवता येत नाही, म्हणून पहिल्या टिंगआधी सर्व्हर क्षणभर थांबवावा लागतो. त्या क्षणात ऑर्का गप होतो. मास्तर म्हणाले, टिंग यायच्या आधीचा तो गप चालतो, कारण तो आपण मागून घेतलेला आहे.

१६ एप्रिल

आता ठरलेलं सगळं एका जागी. डेबियन १२, माटे डेस्कटॉप, ऑर्का, ईस्पीक एनजी. साउंड सर्व्हर सगळीकडे पाइपवायर. जुन्या डेस्कटॉपांवर पल्सऑडिओनेही भागलं असतं आणि तिथे तो निवांत चालत होता. पण दोन प्रकार सांभाळायचे तर दुरुस्तीही दोन प्रकारची शिकवावी लागेल. शिवाय पाइपवायर पल्सऑडिओची भाषा बोलतो, त्यामुळे स्पीच डिस्पॅचरला बदल कळतही नाही. उद्या कुणी नवीन लॅपटॉप घेतला तर त्यावर पाइपवायरच मिळण्याची शक्यता जास्त.

मास्तरांनी आज सगळ्यांसमोर एक मशीन पेनड्राइव्हपासून सुरू करून लॉगिनपर्यंत आणलं, मी दाराबाहेर उभा होतो. मध्ये एकदा वीज गेली. पुन्हा पहिल्यापासून केलं, वैतागून, पण केलं.

राहिलेली कामं: दोन लॅपटॉपांना यूएसबी कार्ड आणायचं. तेलुगू प्रोफाइलमधला वेग एका आजोबांसाठी कमी करायचा, ते नव्याने शिकतायत. बिगर-युनिकोड नोट्स बदलायचं काम कॉलेजातल्या पोराने स्वतःकडे घेतलंय, त्याला इनस्क्रिप्ट (युनिकोड मराठी टायपिंगची पद्धत) येतं. स्क्रिप्टची प्रत मास्तरांच्या पेनड्राइव्हवर टाकली, ब्रेलमध्ये बटणांची पट्टी ते स्वतः काढणार आहेत.